हिंगोलीत घरी खऱ्यासारखं दिसणारं एअर पिस्तूल ठेवून निशाण्याचा सराव करता येईल का?

तुम्ही विचारलंय की हिंगोलीत स्वतःचं घर आहे, गच्ची मोठी आहे, गॅसवर चालणारं हुबेहूब पिस्तुलासारखं एअर पिस्तूल घेऊन तुम्ही आणि तेरा वर्षांचा मुलगा हौसेखातर निशाणे मारणार; तर लायसन्स लागतं का आणि मुळात घ्यावं का. घ्या, पण गच्ची विसरा.

लायसन्सचं आधी उरकतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलच्या (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) आतली ताकद आणि .१७७ इंची, म्हणजे ४.५ मिमीची नळी असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. तुम्ही म्हणता तसलं पिस्तूल या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. त्याचा गोल पोलादी छर्रा साधारण ०.३४ ग्रॅमचा, सेकंदाला ११० मीटर वेगानं सुटला तरी हिशोब २ ज्यूलवर येतो. दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता लिहून घेतो, द्या. पक्की पावती मात्र मागून घ्या आणि डब्यातच ठेवा. परदेशी साईटवरून मागवायच्या भानगडीत पडू नका, एअरगनच्या आयातीवर निर्बंध आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकतं.

आता पावती का ते सांगतो. मी परभणीचा. पिस्तूल आणलं त्या पहिल्याच रविवारी गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीजवळ कागद चिकटवला आणि हात लांब करून उभा राहिलो. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत घालायला आल्या होत्या, हे मला माहीतच नाही. त्यांना दिसली माझी पाठ आणि हातातलं काळं पिस्तूल. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली की याच्या घरी पिस्तूल आलंय. दिवे लागणीला एक पोलीसदादा मोटारसायकलवर दारात. मायच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. मी डबा आणला, पावती दाखवली, मॅगझिन काढून छर्रे दाखवले. त्यांनी ते हातात फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, दुरून कोण ओळखणार हे?"

या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही. त्याची ताकद पोराच्या खेळण्याहून थोडी जास्त, पण तोंडवळा खऱ्या नऊ एमएम पिस्तुलाचा. आपल्याकडं कमरेला पिस्तूल खोचून रील काढणारे काय कमी आहेत? त्यामुळं लोक या विषयावर आधीच बिथरलेले आहेत. म्हणून ते घराबाहेर काढताना कायम डब्यात, डबा पिशवीत, गॅस काढलेला. गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, लग्नाच्या वरातीत नाही, व्हॉट्सॲपच्या डीपीवर तर अजिबात नाही. भांडणात नुसतं दाखवलं तरी समोरच्याला ते खरंच वाटणार, आणि गुन्हा दाखल होताना तुमचे २ ज्यूल कुणी मोजत बसणार नाही.

तेव्हापासून मी सरावाला आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर जातो. तिथं दुसरी अद्दल घडली. गोठ्याच्या पत्र्याला प्लायवूड टेकवून त्यावर कागद लावला होता. चौथा की पाचवा छर्रा प्लायच्या कडेवरून पत्र्यावर गेला, टण्ण आवाज आला आणि त्याच क्षणी माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर टिचकी. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर. नंबरचा चष्मा होता म्हणून डोळा वाचला. शिशाचा छर्रा आदळला की चपटा होऊन बराचसा तिथंच पडतो; पोलादी गोळी मात्र टणक गोष्टीवरून आली तशी परत फिरते. पत्रा, दगड, सिमेंटची भिंत, पाण्याचा पाईप, काहीही चालत नाही.

मग मायच्या दोन जुन्या वाकळा मागून घेतल्या. लाकडी खोक्यात त्या एकामागं एक सैल टांगल्या, ताणून नाही. छर्रा वाकळेत शिरतो, तिचा झोल त्याची सगळी रग जिरवतो आणि तो खाली ट्रेमध्ये टपकतो. जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं की सगळे गोळा होतात. ते परत भरू नका, ओरखडा पडलेला छर्रा नळी खराब करतो. खोक्यामागं मातीचा बांध, आणि बांधापलीकडं कुणी गवत कापायला बसलेलं नाही ना, हे दर वेळी स्वतः चालत जाऊन बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, छर्रे मारणाऱ्यालाही आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही.

गॅसचं आपल्या हवेत वेगळंच असतं. पिस्तुलाच्या मुठीत १२ ग्रॅमची सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी बसते. आत द्रव असतो, त्याची वाफ छर्रा ढकलते. हा दाब तापमानावर ठरतो. १० अंशांना साधारण ४५ बार (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा), ३० अंशांना ७२च्या आसपास. आमच्या परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा तेच पिस्तूल मरगळतं आणि छर्रे खाली लागतात. भराभर दहा मारले तरी तेच होतं, वाफ होताना नळकांडी गार पडते, मुठीला हात लावला की कळतं. चार सेकंद थांबून मारा. मे महिन्यात उलटी तऱ्हा: ३१ अंशांच्या वर तर आत द्रव उरतच नाही, आणि ४२-४३च्या उन्हात उभ्या गाडीत नळकांड्या ठेवणं म्हणजे नसता उद्योग. त्यांना ५० अंशांच्या वर तापू द्यायचं नसतं, आणि बंद गाडी एवढी सहज तापते. माझ्या घरात त्या माठाशेजारच्या कपाटात असतात. नवी बसवताना टोकावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाका, रबरी सील टिकतं.

निशाण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. नळीच्या आत छर्ऱ्याला फिरकी देणारे आटे नसतात, आणि साईट, म्हणजे नेम धरायची खूण, मागेपुढे करून जुळवता येत नाही. सहा-सात मीटरवर चहाच्या बशीएवढ्या जागेत पाच छर्रे बसले तर खूश व्हा. नजर कागदावर न ठेवता पुढच्या साईटवर ठेवायची, कागद पुसट दिसला तर दिसू द्यायचा, हे समजायला मला दोन महिने लागले.

आणि होले, तित्तर, खारी, मोर, कशावरही नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मुलाचं म्हणाल तर तेराव्या वर्षी त्याच्या एकट्याच्या हाती द्यायचं नाही, ते कुलपात, किल्ली तुमच्याकडं. त्याला खेळ म्हणून पुढं जायचं असेल तर हे पिस्तूल उपयोगाचं नाही. १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार निराळा. ते हत्यार दिसायलाही पिस्तुलासारखं वाटत नाही, लाकडी मूठ हाताला घासून बसवलेली असते, ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं. पॅरिसला २०२४मध्ये मनू भाकरनं कांस्य मिळवलं ते यातच. त्यासाठी रेंज आणि प्रशिक्षक शोधा, आखाडा नव्हे.

पैसे घालायच्या आधी एक करून बघा. फेब्रुवारीत आमच्याकडं तुराबुल हकचा उरूस भरतो, त्यात फुगे फोडायचे स्टॉल असतात. मुलाला घेऊन या. तिथल्या बंदुकीची साईट वाकडीच असते. पहिल्या फेरीत सगळे छर्रे वाया गेल्यावर तो बंदुकीला शिव्या देतो, का थोडं डावीकडं धरून परत मारून बघतो, तेवढं बघा. आला तर आखाड्यावर चहाला या, खोकं दाखवतो.