बंड्याचं कारण

‘‘मैत्रिणी दर रविवारी बोलावतात. मला जाववत नाही. मी माणूसघाणी झालेय का हो?’’

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेगवेगळ्या तोंडांनी इतक्यांदा आलाय की हल्ली तो ऐकताना मी मान डोलवायच्या आत स्वतःला थांबवते. कोणाच्या घरी सासूबाई आजारी असतात, कोणाची मुलगी दहावीला असते, कोणाला आठवड्याची धुणीभांडी. कारण खरंच असतं. पण खरं कारण आणि पुरेसं कारण यांत फरक असतो, आणि तो ओळखायला मला एका प्रकरणात तब्बल चार भेटी लागल्या. ते प्रकरण तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, तिला इथे नावही दिलेलं नाही. कुत्र्याचं नाव मात्र तेच ठेवलंय, त्याची हरकत नसावी.

तर ती, वय चौतीस, रत्नागिरीत एकटी राहते, हिशेबनीस आहे. आणि बंड्या. बंड्या म्हणजे तिच्या स्कूटरखाली सावलीला झोपणारा गावठी कुत्रा, जो एका पावसाळ्यात जिन्यापर्यंत आला, पुढच्या आठवड्यात उंबऱ्यापर्यंत, आणि गणपतीपर्यंत त्याची स्वतःची ताटली झाली. सकाळी सहाला दोघं भाट्याच्या सुरुबनात. ओहोटी असेल तर ओल्या वाळूवरून पार लांबवर चालत जायचं, येताना त्याच्या कानातली गोचीड काढत बसायचं. शनिवारी त्याला बांगड्याचं डोकं आणि भाकरी. हे ती सांगत होती तेव्हा चेहरा असा उजळला होता की माणूसघाणेपणाचं निदान मी तिथेच रद्द केलं.

अडचण शाळेतल्या मैत्रिणींची होती. सहाजणींनी मिळून धावायला सुरुवात केली होती. जानेवारीत 10 किलोमीटरची एक दौड होती, तिच्यातून विशेष मुलांच्या शाळेला गाडी घ्यायला पैसे जमवायचे होते. धावणाऱ्या प्रत्येकीने 5000 रुपये उभे करायचे. त्यासाठी दर रविवारी पहाटे सराव, मग कोणाकडे तरी पोहे, मग गप्पा. ही एकदाही गेली नव्हती. दर वेळी उत्तर एकच: बंड्या एकटा राहत नाही.

आणि तो खरंच राहत नव्हता. हिने चपलेत पाय घातला की रडायला लागायचा. शेजारच्या काकूंनी दोनदा तक्रारही केली होती. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, म्हणजे बंड्यावर. आधी पशुवैद्यांना दाखवून घे म्हटलं, कारण कुत्र्याचं दुखणंखुपणं हे काही माझं शास्त्र नव्हे. त्यांनी तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि सवय मोडायची रीतही सांगितली. किल्ली उचलायची आणि परत खुंटीला लावायची, कुठेही न जाता. दिवसातून दहादा. किल्ली म्हणजे विरह, हे गणित आधी पुसायचं. मग दाराबाहेर एक मिनिट. मग पाच. तो रडायला लागण्याआधीच परत यायचं आणि आल्यावर लाडांचा सोहळा करायचा नाही. आम्ही दर भेटीत त्याच्या मिनिटांचा तक्ता बघायचो. मला अगदी शाळामास्तरणीसारखा अभिमान वाटायचा. चौथ्या भेटीपर्यंत बंड्या दोन तास स्वस्थ झोपायला लागला.

त्या रविवारी ती सरावाला गेली नाही.

‘‘काकूंकडे ठेवता आलं असतं की,’’ मी म्हटलं. काकू आता तक्रार सोडून ‘‘अगो बाय, जा ना तू, मी बघते त्याला’’ म्हणत होत्या.

‘‘पण त्याला पाऊस आवडत नाही,’’ ती म्हणाली. डिसेंबरात.

आम्ही दोघी हसलो, आणि मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता: ‘‘बंड्या नसता, तर गेली असतीस?’’

बराच वेळ काही नाही. मग, ‘‘नाही.’’

जिला कोणाला असा प्रश्न पडला असेल तिने हा एवढा एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. सासूबाई बऱ्या असत्या तर? मुलीची दहावी संपली असती तर? उत्तर ‘‘धावतच गेले असते’’ असेल, तर अडचण व्यवस्थेची आहे. माणसं लावा, वेळा बदला, समुपदेशकावर पैसे घालवू नका. उत्तर ‘‘नाही’’ असेल, तर जे कारण आपण पुढे करतोय ते दाराशी बसवलेलं आहे. राखणीला.

मला वाटलं धावण्याची लाज असेल. दम लागणं, कपडे, लोक बघतात वगैरे. तीही नव्हती; बाई रोज पाच-सहा किलोमीटर वाळूत चालते, मैत्रिणींपैकी अर्ध्याजणींना तिने मागे टाकलं असतं. तिला भीती होती त्या 5000 रुपयांची. ते नसण्याची नव्हे. ते मागण्याची.

‘‘मीच भरते ना पाच हजार,’’ ती म्हणाली. ‘‘विषय संपला.’’

‘‘मग भरून का नाही गेलीस?’’

‘‘त्या विचारतील, कोणाकोणाकडून मिळाले.’’

मग हळूहळू बाकीचं आलं. वडील आंब्याच्या बागा कराराने घ्यायचे. एका वर्षी मोहोर गळला, पुढच्या वर्षी भाव पडला, आणि घरात उसनवारी सुरू झाली. वडील स्वतः जायचे नाहीत. चिठ्ठी लिहायचे आणि हिला पाठवायचे, कारण पोराला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची. एक घर होतं, तिथे पडवीतून उत्तर यायचं, ‘‘उद्या ये.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘‘उद्या ये.’’ चिठ्ठी घामाने मऊ व्हायची. ‘‘हात पसरणं’’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. तिने तो उच्चारताना हात खरोखर मांडीखाली घेतले.

इथे मला एक हुशारी सुचली. शिमग्यात पोरं पोस्त मागतात, ‘‘आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना’’ म्हणत दारात उभी राहतात, कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पालखी घरोघर जाते. बारा वाड्यांचा भैरी, रत्नागिरीचं ग्रामदैवत, खुद्द अंगणात येतो आणि आपण ओटी भरतो. कोकणात मागणं हा सणाचा भाग आहे, असं मी रंगून सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘आम्हाला पोस्त मागायला जाऊ द्यायचे नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘लोक म्हणतील, हे तर बारा महिने मागतात.’’

माझी हुशारी तिथेच आडवी झाली. दुसरीही होती, बंड्याला तिने जवळ केलं कारण तोही दारात ताटकळणारा, वगैरे. ती मी बोलून दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘‘नाही हो मॅडम. तो गोड होता म्हणून.’’ आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला लहानपणाचं शेपूट जोडायची खोड असते. अशिलाने ते अधूनमधून कापावं.

शेपूट जाऊ दे, पण आजचं गणित साधं होतं. मागायची वेळ आली की छातीत धडधड. बंड्याचं कारण दिलं की धडधड बंद. ही जी सुटका आहे ना, तीच भीतीचं खाणं. जितक्यांदा टाळाल तितकी ती धष्टपुष्ट होते, कारण नकार आल्यावर नेमकं काय होतं हे कधी कळतच नाही. त्यामुळे नकार पाहणं भाग होतं.

मी तिला अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगितली. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, विचार तपासून भावना बदलायच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक. 1955 च्या सुमारास त्यांनी ती मांडली. पण ही गोष्ट त्याआधीची, ते 19 वर्षांचे असतानाची. मुलींशी बोलायची त्यांना भयंकर धास्ती. म्हणून महिनाभर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं असं त्यांनी ठरवलं. ते स्वतः सांगत त्याप्रमाणे, 130 पैकी 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, आणि एकीने भेटायचं कबूल केलं. तीही आली नाही. पण भीती गेली, कारण कोणी पोलीस बोलावले नाहीत आणि कोणी गळा धरला नाही.

‘‘म्हणजे मी नकार गोळा करायचे?’’

‘‘तीन. पैसे नाही आले तरी चालतील, तीन नकार आण.’’

सुरुवात कुठून करायची यावर आमची थोडी चकमक झाली. मी म्हटलं मिरकरवाड्याला मासळी घेताना घासाघीस कर. ती म्हणाली, ती तर मी करतेच, मला तिथे काहीच वाटत नाही. बरोबर होतं तिचं. तिथे पैसे ती देणार असते. मग पायऱ्या तिनेच लावल्या: काकूंकडून कोयती मागायची, ऑफिसात चहाचे वीस रुपये उसने घ्यायचे आणि मुद्दाम दुसऱ्या दिवशी द्यायचे, मग आतेभावाला निरोप, कारण तो नक्की नाही म्हणणार.

निरोपाचा तिचा पहिला मसुदा अकरा ओळींचा होता. त्यात ‘‘राग मानू नका’’ दोनदा, ‘‘तुमच्या अडचणी असतीलच’’ एकदा आणि ‘‘सहज विचारलं’’ तीनदा. वाचणाऱ्याला पैसे द्यावेसे वाटण्याऐवजी तिची समजूत काढावीशी वाटली असती. कापत कापत हे उरलं:

‘‘जानेवारीत आम्ही मैत्रिणी 10 किलोमीटर धावतोय, विशेष मुलांच्या शाळेच्या गाडीसाठी. मला 5000 रुपये जमवायचे आहेत. तुम्ही 500 द्याल का? पैसे थेट संस्थेच्या खात्यात जमा करायचे, पावती संस्था देईल.’’

आकडा लिहिलेला बरा, समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. पैसे थेट संस्थेकडे जाणं तर त्याहून बरं. पाठवण्याआधी तिने संस्थेची धर्मादाय नोंदणी तपासली आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सूट नाही यावर मला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. हिशेबात ती वाघीण आहे. तिथेच लपायलाही तिला आवडतं, म्हणून मी घड्याळ दाखवलं.

आणि मग तिने मान वर करून विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही द्याल 500?’’

मला देता येत नाहीत. ज्यांना मी समुपदेशन करते त्यांच्याशी पैशाचा दुसरा व्यवहार मी ठेवत नाही, चांगल्या कामासाठीही नाही. उद्या त्या नात्याचं ओझं तिच्याच डोक्यावर बसतं. पण त्या क्षणी तिच्याकडे बघत ते म्हणणं फार जड गेलं. शाळेतली मुलं, नऊ वर्षांच्या पोरीच्या हातातली चिठ्ठी, सगळं समोर उभं. मी म्हटलं, ‘‘नाही. मला देता येणार नाही.’’ कारणही सांगितलं, एका वाक्यात.

तिचा चेहरा लाल झाला. पंखा फिरत होता. माझ्या मनात चाललं होतं, आता ही उठून जाईल आणि आठ आठवड्यांचं सगळं पाण्यात. दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, ‘‘राग आलाय मला.’’

‘‘येऊ दे.’’

‘‘...एक झाला ना पण?’’

वहीत तिने लिहिलं: नकार 1, मॅडम.

दुसरा आतेभावाचा आला, सोबत ‘‘हल्ली कोण कुठे पैसे खातं सांगता येत नाही’’ असं प्रवचन. तो तिने हसत वाचून दाखवला. तिसरा मिळालाच नाही. त्याऐवजी एकाने वाचून उत्तरच दिलं नाही, आणि हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. दोन निळ्या खुणा म्हणजे पुन्हा पडवीतलं ‘‘उद्या ये.’’ त्यावर आम्ही एक नियम ठरवला. आठ दिवसांनी एकदा आठवण करायची, मग तो माणूस यादीतून मोकळा आणि आपणही. आठवण केल्यावर त्याने 1000 पाठवले, ‘‘विसरलोच होतो’’ म्हणून. हे दर वेळी होईल असं नाही, हेही मी तिला सांगितलं. काकूंनी पदराच्या गाठीतून 51 रुपये काढून दिले आणि आधी पावती मागितली.

शेवटी जमले 4351. उरलेले 649 स्वतः भरायचा मोह तिला झाला होता. तिने मैत्रिणींना सांगून टाकलं, माझे एवढेच झाले. दोघींचे तर त्याहून कमी होते, त्यांना कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. बंड्याला बरोबर धावायला न्यावं का, असंही तिने एकदा विचारलं. गर्दी, डांबर, आणि तापलं की कुत्र्याला धापा टाकण्यावाचून फारसा उपाय नसतो, माणसासारखा अंगभर घाम नाही. तेव्हा तो काकूंकडे राहिला आणि दोन अख्खे बांगडे खाऊन झोपला. ती परत आली तेव्हा त्याने एक डोळा उघडला, बस. याचं तिला किंचित वाईट वाटलं.

ती अजूनही दर रविवारी जात नाही. महिन्यातून दोनदा जाते, दोन रविवार सुरुबनाचे. मागच्या भेटीत तिने फोन पुढे करून मैत्रिणींशी झालेला संवाद दाखवला. तिने लिहिलं होतं, ‘‘आज येत नाही गं.’’

‘‘का? बंड्या?’’

‘‘बंड्या मजेत आहे. असंच.’’