जुना सी++ फ्रॅक्टल प्रोग्राम ब्राउझरमध्ये: नव्याने लिहू नका, आधी कंपाइल करा

झाओससारखा डेस्कटॉपवरचा फ्रॅक्टल (कितीही मोठं केलं तरी नवी नक्षी दाखवणारी गणिती चित्रं) काढणारा प्रोग्राम ब्राउझरमध्ये आणायचाय, तर सगळं जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावं की सरळ जीपीयूसाठी शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहावा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सुरुवातीला दोन्ही नको. गणिताचं इंजिन सी++मध्येच राहू द्या आणि एमस्क्रिप्टेन हा कंपायलर वापरून वेबअसेम्ब्लीत (ब्राउझर थेट चालवू शकतो अशा बायनरी कोडमध्ये) कंपाइल करा.

मँडेलब्रॉट या प्रसिद्ध फ्रॅक्टलचं सूत्र कुणीही दहा ओळींत लिहील. झाओसचं मोल त्यात नाही. यान हुबिचका (हेच पुढे जीसीसी कंपायलरवरच्या कामासाठी ओळखले गेले) आणि थॉमस मार्श यांनी नव्वदच्या दशकात झूम सलग चालावा म्हणून वेगळीच वाट काढली. मागच्या फ्रेममधल्या ज्या ओळी आणि स्तंभ नव्या चित्रात जवळपास बसतात ते उचलायचे, आणि उरलेलेच मोजायचे. त्यामुळे त्या काळच्या साध्या पीसीवरही झूम थांबत नसे. हा कोड वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालाय. तो टाकून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शेडर वेगवान असतो हे खरंच. पण वेबजीएलमध्ये (ब्राउझरमधून जीपीयू वापरायची सोय) ३२ बिटांचाच फ्लोट, म्हणजे दशांश संख्येचा प्रकार, मिळतो, म्हणजे जेमतेम ७ अंकांची अचूकता. हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रात साधारण दहा हजार पट झूमच्या पुढे गेलात की चौकोनी ठोकळे दिसू लागतात. सी++च्या ६४ बिटांच्या 'डबल' प्रकारात १५-१६ अंक मिळतात, त्यामुळे १०^१२ – १०^१३ पटींपर्यंत निर्धास्त जाता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या कोडमध्ये 'लाँग डबल' (डबलहूनही अचूक प्रकार) कुठे वापरलाय ते आधी शोधा. लिनक्सवर इंटेल प्रोसेसरमध्ये तो ८० बिटांचा असतो आणि हार्डवेअरच सांभाळतं. वेबअसेम्ब्लीत तसा प्रकारच नाही. एमस्क्रिप्टेन त्याचे १२८ बिट धरतो आणि प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरने करतो. कंपाइल बिनतक्रार होतं, चित्रही बरोबर येतं, फक्त सगळं गोगलगाईसारखं चालतं, आणि लोक 'वेबअसेम्ब्लीच हळू आहे' म्हणून मोकळे होतात. तो प्रकार डबल करा आणि मग वेग मोजा. त्याहून खोल जायचं असेल तर पर्टर्बेशन पद्धत वाचा. के. आय. मार्टिन यांनी २०१३मध्ये ती फ्रॅक्टलसाठी मांडली: एकच बिंदू मोठ्या अचूकतेने मोजायचा आणि बाकीच्यांचा त्यापासूनचा फरक डबलमध्ये.

दुसरी अडचण लूपची. डेस्कटॉपवर 'खिडकी बंद होईपर्यंत फिरत राहा' हे चालतं. ब्राउझरमध्ये मुख्य थ्रेड अडवलात की टॅबच गोठतो. लूपचं पोट काढून एका फ्रेमचं वेगळं फंक्शन करा आणि ते ब्राउझरला बोलवू द्या. मोडल डायलॉगचंही (उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी खिडकी) तेच, उत्तराची वाट बघत थांबणारा कोड तोडावा लागतो.

एकाहून जास्त थ्रेड हवे असतील तर शेअर्डअरेबफर (थ्रेडांमध्ये सामायिक मेमरी) लागतो. प्रोसेसरमधली स्पेक्टर ही सुरक्षा-त्रुटी उघडकीला आल्यावर २०१८च्या जानेवारीत ब्राउझरांनी तो बंद केला होता. आता सर्व्हरने क्रॉस-ओरिजिन आयसोलेशनचे (पान इतर साइटांपासून वेगळं ठेवण्याचे) दोन हेडर पाठवले तरच मिळतो. फुकटच्या स्टॅटिक होस्टिंगवर हेडर बदलता येतात का, ते आधी तपासा. येत नसतील तर एका थ्रेडवरच प्रकाशित करा, पिक्सेल पुन्हा वापरण्याच्या युक्तीमुळे तेही पुरतं.

आणि झाओस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्यात प्रोग्राम वाटला की सोर्स कोडही द्यावा लागतो. वेबअसेम्ब्लीची फाइल वापरणाऱ्याच्या मशीनवर उतरते, म्हणजे तुम्ही प्रोग्राम वाटताच आहात. पानावर तुमच्या बदललेल्या सोर्स कोडची लिंक ठळक द्या.