पाळीव कुत्र्याचा परवाना, सोसायटीची लिफ्ट आणि गेटवरची कुत्री

प्रश्न : ऐरोलीहून खारघरला राहायला आलो. आमच्या लॅब्रेडॉरचा परवाना नवी मुंबई महापालिकेचा आहे. तोच चालेल ना?

नाही. बोलताना आपण खारघरलाही नवी मुंबईच म्हणतो, पण खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. परवाना राहत्या पत्त्यावर, त्या हद्दीच्या महापालिकेकडून घ्यायचा असतो. पत्त्याचा पुरावा (भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत करार), ओळखपत्र, कुत्र्याचा फोटो आणि लसीकरणाचं पुस्तक तयार ठेवा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा या पुस्तकापाशी. रेबीजच्या पानावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, त्यावर बॅच नंबर, टोचल्याची आणि पुढच्या डोसची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का, एवढं सगळं हवं. पुढच्या डोसची तारीख उलटून गेली असेल तर आधी लस द्या, मग अर्ज करा. मालकाच्या नावापुढे अजून विक्रेत्याचंच नाव असेल तर तेही बदलून घ्या. घरी येऊन स्वस्तात टोचून जाणाऱ्यांच्या नादी लागू नका. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. उन्हातून पिशवीत आणलेल्या बाटलीत किती दम उरलाय, हे बाहेरून कळत नाही.

पिल्लू असेल तर रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला नीट काम करू देत नाही. बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा, पुढे दरवर्षी.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने ठराव करून कुत्र्यांना लिफ्ट बंद केली आणि दरमहा वेगळा आकार लावला. हे करता येतं का?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. बहुमताने ठराव झाला तरी पाळीव प्राणी ठेवायला बंदी नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळा आकारही लावता येत नाही. कमिटीला लेखी पत्र द्या, सोबत परवान्याची आणि लसीच्या पानाची प्रत जोडा, पोच घ्या. तरीही ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

पण लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, आत कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीने जा, घाण झाली तर तिथल्या तिथे उचला. निष्काळजीपणामुळे कुत्र्याने कोणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न : गेटवरची भटकी कुत्री महापालिका उचलून दूर का सोडत नाही?

कारण तसं करणं नियमात बसत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार कुत्रा पकडायचा तो नसबंदी आणि लसीकरणासाठी, आणि सोडायचा तो उचलला तिथेच. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच कायम ठेवलं. रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र यातून वगळली. शाळा, रुग्णालयं, बस आगारं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०२५ चा. निवासी सोसायटीचं गेट त्यात येत नाही.

नियमामागे कारण आहे. नसबंदी झालेली टोळी हटली की मोकळ्या जागेत बाहेरची, नसबंदी न झालेली कुत्री शिरतात. म्हणून तक्रारीत ‘कुत्र्यांचा त्रास’ एवढंच लिहू नका. प्रत्येकाचा रंग, नर की मादी, कानाला व्ही आकाराची खाच आहे की नाही, ते लिहा. खाच म्हणजे नसबंदी झालेली. खाच नसलेल्यांचीच यादी द्या, म्हणजे गाडी नेमकी तीच उचलेल. सहा महिन्यांखालच्या पिल्लांची नसबंदी करत नाहीत.

खाऊ घालण्याची जागा सोसायटीने ठरवायची असते: जिना, प्रवेशद्वार आणि मुलांचं मैदान सोडून.

प्रश्न : शेजाऱ्यांचा लस दिलेला कुत्रा चावला. इंजेक्शन लागतील?

लागतील. आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग लगेच दवाखाना गाठा: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय. कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते स्वतःहून विचारा. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण त्या निकालासाठी पहिला डोस थांबवू नका.