चीनहून संत्री प्रतवारीचं यंत्र मागवायचं आहे. वरुडला स्वतःच्याच शेडमध्ये वापरणार, तरी आयईसी (आयात-निर्यात कोड) लागेल का? कस्टम किती? फवारणीचा ड्रोनही सोबत आणता येईल का?

लागेल भाऊ. घरगुती वापराच्या मालाला आयईसीतून सूट आहे, पण त्या सवलतीतून व्यापार आणि उत्पादनाबरोबर शेतीही नाव घेऊन वगळली आहे. त्यामुळे ‘विकायचं नाही, माझ्याच बगिच्यासाठी आहे’ हे कारण चालत नाही. पॅन कार्डावर डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार खातं) साइटवर घरबसल्या काढा. सरकारी फी 500 रुपये, एजंट काहीही सांगो. पुढं दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तिथं माहिती अद्ययावत करावी लागते, नाही तर आयईसी बंद पडतो.

कस्टम नुसत्या यंत्राच्या किमतीवर बसत नाही. जहाजभाडं आणि विमाही त्यात धरतात. विमा काढलाच नाही, तरी 1.125 टक्के धरतात. समजा सगळं मिळून 1 लाख झालं आणि मूळ ड्यूटी 7.5 टक्के आहे. ते 7,500, त्यावर 10 टक्के अधिभार म्हणजे 750. आता 1,08,250 वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. 18 टक्के धरला तर 19,485. एकूण 27,735 रुपये. तुमच्या यंत्राचा नेमका दर एचएसएन कोडवर (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) ठरेल, म्हणून पैसे पाठवायच्या आधीच सीएचएकडून (कस्टम एजंट) कोड पक्का करून घ्या. व्यापारी हा आयजीएसटी परत वळता करून घेतात. आपली ताजी संत्री जीएसटीमुक्त, त्यामुळे आपल्याला तो अंगावरच घ्यावा लागतो. हे बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत.

विकणारा म्हणेल, ‘गिफ्ट लिहितो, बिल कमी दाखवतो.’ त्याच्या नादी लागू नका. पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. आणि बँकेतून गेलेली रक्कम बिलाशी जुळली नाही, तर माल अडकून दंड वेगळा.

विकणाऱ्याला बजावायचंच असेल तर लाकडी पेटीचं बजावा. पेटीवर आयएसपीएम-15 चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याची खूण. तो नसला तर यंत्राचे कागद चोख असूनही पेटीपायी माल अडकतो.

पूर्ण कंटेनर असेल तर नागपूरच्या आयसीडीत (कस्टमचं कोरडं बंदर) सोडवता येतो. एकट्या यंत्राला न्हावा शेवा बंदरच सोयीचं. तिथून ट्रान्सपोर्टनं वरुडला आणा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरण, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलं पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000, पुढं रोज 10,000 रुपये, आणि गोदामभाडं त्याहून वेगळं.

ड्रोनचं मात्र डोक्यातून काढा. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे, सुटा करून खोक्यात भरलेलाही चालत नाही. फवारणीसाठी इथं बनलेला, डीजीसीएचं (केंद्राचं विमान वाहतूक खातं) टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी, असलेलाच पाहा.