प्रावरणाचा प्रवाह शोधायचाय? आधी एकच लहर धर

भाऊ, धुळ्यात बसून जपानखालच्या प्रावरणाचा अभ्यास जमेल का, असं विचारलंस; नक्की जमेल. तिथल्या एफ-नेट या भूकंपमापक जाळ्यातल्या केंद्रांच्या नोंदी नावनोंदणी केली की फुकट मिळतात. त्या नोंदी तपासायचं ऑब्सपाय हे पायथनमधलं साधन साध्या लॅपटॉपवरही चालतं.

सुरुवातीला फक्त एसकेएस लहर (पृथ्वीच्या गाभ्यातून येणारी भूकंपलहर) घे; केंद्रापासून साधारण ९० ते १३० अंश दूरचे (अंतर पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनात मोजतात) मोठे भूकंप निवड. पाटाच्या पाण्यात पऱ्हाटीच्या काड्या धारेला लागतात ना, तसे वाहत्या प्रावरणात ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक एका दिशेला लागतात. त्यातून जाताना लहर दुभंगते: एक पुढे, दुसरी जेमतेम सेकंदभर मागे. वेगवान दिशा (पुढची लहर ज्या दिशेत कंपते ती) आणि हा उशीर, एवढंच मोज.

नवखे चुकतात ते इथे:

- वेगवान दिशा म्हणजेच प्रवाह, असं धरून चालतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण बुडणाऱ्या प्लेटच्या वर असलेल्या प्रावरणाच्या पाचरीत पाणी असलं की स्फटिकांची मांडणी बदलू शकते आणि ती दिशा प्रवाहाला काटकोनात जाते. समुद्रातल्या खंदकाजवळ, म्हणजे प्लेट बुडते तिथे, हे कायम ध्यानात ठेव.
- दुभंग दिसला नाही की नोंद फेकून देतात. ठेव ती! लहर आधीच वेगवान किंवा मंद दिशेत कंपत असेल तर दुभंगतच नाही.
- एकाच दिशेचे भूकंप घेतात.

हा दुभंग किती खोलवर होतो, तो प्रश्न नंतर बघू. आधी एक केंद्र, दहा भूकंप. प्रत्येक आलेख स्वतःच्या डोळ्यांनी तपास. अडलं की आलेख पाठव, मी बघतो.