मरियेची साडी

प्रिय ओवी,

काल जेवताना तू विचारलंस, "आई, आजीने पाठवलेल्या चित्रात मरियेने साडी का नेसलीय? माझ्या मैत्रिणी म्हणाल्या हे चुकीचं आहे, ती इंडियन नव्हतीच." मी ड्यूटीला निघायच्या घाईत होते, धड उत्तर दिलं नाही. आत्ता वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहिते.

येशूची आई मरिया भारतातली नव्हती, हे खरंच आहे. ती नासरेथची यहुदी मुलगी. पण नाताळच्या कार्डांवरची गोरीपान मरिया तरी कुठे नासरेथची? इटलीतल्या चित्रकारांनी ती रंगवली तेव्हा चेहरे त्यांच्या भोवतीच्या बायकांचे घेतले, मागच्या टेकड्याही तिथल्याच. तिच्या झग्याचा गडद निळा रंग तर अफगाणिस्तानातून आणलेला दगड कुटून करायचे. त्याला कुणी चूक म्हणत नाही, कारण डोळ्यांना त्याची सवय झाली आहे.

आजीने पाठवलेलं चित्र आंजेलो द फॉन्सेका यांचं. 1902 साली गोव्यात जन्मले, तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले, पण तिथलं विलायती वळण त्यांना मानवलं नाही. मग थेट शांतिनिकेतन गाठलं, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. त्या परंपरेत जलरंगाचा पातळ थर द्यायचा, कागद पाण्याने धुवायचा, पुन्हा थर द्यायचा. रंग कागदात मुरतो. चित्र उजेडात तिरपं धरून बघ, मरियेच्या पदराच्या कडा कुठे संपतात ते नीट सांगता येत नाही.

गोव्यात परतल्यावर त्यांनी सावळी, साडी नेसलेली मरिया रंगवली आणि चर्चमधल्या लोकांना ते खपलं नाही. युरोपचा वेश तेवढा पवित्र, आपल्या आईचा नाही, असं मनात किती खोल बसलं असेल! मला याचं फार वाईट वाटतं. त्यांना गाव सोडावं लागलं. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली आणि तिथे ते रंगवत राहिले. पुढे लग्न झाल्यावर पत्नीचा चेहरा मरियेला आला. 1967 मध्ये पुण्यातच वारले.

पण ही रीत त्यांनी सुरू केली असं नाही. तुझं नावच बघ. 1616 साली गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने येशूची सगळी कथा मराठी ओव्यांमध्ये लिहून छापली, ते 'ख्रिस्तपुराण'. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरांची, जात्यावर बसलेल्या बायकांची. परक्या देशातून आलेल्या माणसाला कळलं की या लोकांना देव सांगायचा तर त्यांच्या ओठांवरच्या चालीत सांगायला हवा. आणि आपल्या नगरचे नारायण वामन टिळक! आजी रविवारी डोळे मिटून म्हणते ते अभंग त्यांचे. वारकरी विठोबाला माऊली म्हणतात ना, तसं टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटलं. आपल्याकडे देवावर माया जडली की त्याला असं नात्यात ओढतात. फॉन्सेकांनी मरियेला साडी नेसवली ती याच मायेने. तो वेषांतराचा खेळ नव्हता.

मैत्रिणींना रागावू नकोस. त्यांनी अशी मरिया पाहिलेलीच नाही. त्यांना सांग, माझी आजी चर्चला जाताना असाच डोक्यावर पदर घेते, म्हणून मला ही मरिया लगेच ओळखता आली.

चित्र शाळेत न्यायचं असेल तर वहीत ठेवून वर प्लॅस्टिकची पिशवी घाल, सकाळी बर्फ पडणार आहे. आणि रविवारी फोनवर आजीला विचार, हे चित्र तिच्याकडे कधीपासून आहे. मी लहान असताना ते तिच्या बायबलमध्ये असायचं.

तुझी,
आई