वाचकांचे प्रश्न : पणजोबांच्या वहीतलं ‘शॉर्ट लँडेड’

प्रश्न : नमस्कार. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरावर कारकून होते असं घरात सांगतात. त्यांची एक फाटकी वही सापडलीय, तिच्यात रूळ, बोल्ट, चेअर असे शब्द, पुढे नग, पुढे टन, आणि शेवटी शेरा ‘शॉर्ट लँडेड’ नाहीतर ‘ब्रोकन’. साल कुठेच नाही. बाबा म्हणतात की पणजोबा चोऱ्या पकडायचे. खरंच तसं काही होतं का? आणि कमी आलेल्या मालाचे पैसे शेवटी कोण भरायचं?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : बाबांना नाराज करायचं नाहीये पण चोरी हा त्यातला छोटा भाग. शॉर्ट लँडेड म्हणजे जहाजाच्या कागदावर जेवढा माल लिहिलाय त्यापेक्षा कमी धक्क्यावर उतरला, एवढंच. तो कुठे कमी झाला हे तो शेरा सांगतच नाही, आणि सगळी भांडणं नेमकी तिथूनच सुरू व्हायची.

मुळात तेव्हा सगळंच विलायतेहून यायचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तिची इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची. रूळ, बोल्ट, पुलांचे गर्डर, चेअर (म्हणजे रूळ ज्यात बसतो तो बिडाचा, ओतीव लोखंडाचा तुकडा) हे पण तिकडचंच, आणि गंमत म्हणजे कितीतरी लाकडी स्लीपरसुद्धा बोटीने यायचे, आपल्याकडे सागाची जंगलं असताना! सुएझ कालवा झाला १८६९ ला, त्याआधी शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी पोचायचं. पोचलं तरी धक्क्याला लागायचं नाही, कारण ससून डॉक १८७५ चा आणि प्रिन्सेस डॉक १८८० चा. जहाज भर बंदरात नांगर टाकून उभं आणि माल पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, उतरवून किनाऱ्याला. म्हणजे कारखान्यात मोजणी, तिकडच्या बंदरात मोजणी, जहाजात चढवताना, पडावात उतरवताना, किनाऱ्यावर, मग रेल्वेच्या गोदामात. सहा ठिकाणी सहा माणसं मोजणार आणि सहा आकडे जुळणार असं ज्याला वाटतं त्याने कधी लग्नघरात ताटं मोजलेली नाहीत.

आता तुमच्या वहीत नग आणि टन असे दोन रकाने आहेत ना, ते नीट बघा, खरी मेख तिथे आहे. कारखानदार पैसे घेणार टनावर, जहाजवाला मोजणार नग, आणि इंजिनिअरला हवेत मैल. समजा रूळ ६८ पौंडी आहे, म्हणजे एका यार्डाचं वजन ६८ पौंड. एका मैलाला दोन्ही बाजूंचे मिळून ३,५२० यार्ड रूळ लागतात, म्हणजे जवळजवळ १०७ टन. आता कारखान्याने रूळ ठरल्यापेक्षा फक्त २ टक्के जाड काढला तर त्याच १०७ टनांत मैलाला ३४-३५ यार्ड रस्ता कमी भरतो. वजन बरोबर, बिल बरोबर, कोणी काही चोरलेलं नाही, आणि तरी घाटाच्या पायथ्याशी गँग रूळ संपले म्हणून बसून. उलटं झालं, रूळ हलका निघाला, तर लांबी पुरते पण रूळ लवकर झिजतो नाहीतर मोडतो, आणि ते कळतं दोन-तीन वर्षांनी. म्हणून माल घेताना वजनात एवढी-तेवढी सूट चालेल असं करारातच लिहून घ्यायची पद्धत पडली आणि मग ती सूट कुठे संपते यावर वेगळी भांडणं.

जहाजवाल्याला धरावं तर त्याच्याकडे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे कप्तानाने सही केलेली मालाची पावती, आणि तिच्यात शब्द असायचे की ‘आत अमुक असल्याचं सांगितलं’, वजन माहीत नाही. बोल्टांचं पिंप पोचलं ना, मग आत किती बोल्ट होते ते भरणाऱ्याला विचारा! बरं कप्तानाने न चढलेल्या मालावरच सही केली असेल तर? १८५१ चा ग्रँट विरुद्ध नॉर्वे हा खटला याचाच, कलकत्त्याच्या रेशमाच्या १२ गाठी, कागदावर चढल्या, जहाजात चढल्याच नाहीत. कोर्ट म्हणालं की कप्तानाला असली सही करायचा अधिकारच नव्हता म्हणून जहाजमालक जबाबदार नाही. विश्वासाने पैसे मोजून ती पावती घेणारा बसला हात चोळत. पुढे इंग्लंडात १८५५ ला आणि आपल्याकडे १८५६ ला कायदा झाला, त्याने सही करणाऱ्याला त्याच्या सहीत बांधलं, पण कप्तानाच्या खिशातून किती निघणार ते तुम्हीच समजा.

‘ब्रोकन’ची गोष्ट अजून वाईट. बीड ठिसूळ असतं, पडावात आपटलं की चेअरचे दोन तुकडे. कारखाना म्हणणार जहाजात नीट रचलं नाही, जहाजवाला म्हणणार हमालांनी आपटलं, हमालांचा मुकादम म्हणणार आलंच तसं, आणि बीडच मुळात खराब ओतलेलं होतं का हे तुकडा बघून कळतंही, पण तो तुकडा बघणार कोण, कारखाना तर सात समुद्रापलीकडे. सुएझ-मुंबई समुद्री तार १८७० ची. त्याआधी तक्रार डाकेनं जाऊन उत्तर यायला दोन-अडीच महिने सहज, आणि तोवर ठेकेदार थांबतोय थोडाच, त्याने तो माल वापरूनही टाकला. वापरला म्हणजे स्वीकारला!

त्यात सुरुवातीचे रूळ पोलादाचे नव्हते, घडीव लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक तापवून लाटलेले, चाकाखाली त्यांचे पापुद्रे सुटायचे. हा दोष नवा रूळ बघून दिसत नाही. आणि कंपनीचा तपासनीस कारखान्यातच माल तपासून शिक्का मारायचा, मग कारखानदाराचं उत्तर तयार, तुमच्याच माणसाने पास केलाय. हे नुसतं तोंडचं उत्तर नाही बरं का, आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात आजही आहे की खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल नंतर ओरडता येत नाही. न दिसणाऱ्या दोषाबद्दल येतं, पण मग तो दिसण्यासारखा होता की नव्हता, हे भांडण.

पैसे कोणी भरले? इथे मात्र मला राग येतो. मुंबई-ठाणे लाइन बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीशी १८४९ ला झालेल्या करारात भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती, कमाई कमी पडली तर फरक इथल्या महसुलातून. सरकारी इंजिनिअर खर्च तपासायचे, नाही असं नाही. पण बदली रूळ मागवले, खर्च भांडवलात गेला, की त्यावरही ५ टक्के सुरू. मग कारखान्याशी शेवटपर्यंत भांडायची तळमळ कोणाला असणार? हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनीच १८७२ च्या सुमारास पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलं की पैसे लावणाऱ्याला ते हुगळी नदीत फेकले काय नि विटाचुन्यात घातले काय, सारखंच. वहीत तूट लिहिणारे पणजोबा आणि ती तूट भरणारा दख्खनचा शेतकरी, दोघांनाही त्या भांडणात कोणी विचारलं नाही.

प्रश्न : इंजिन चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं होतं ही थाप ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : थाप नाही. आपल्या लाइनचं नव्हे, ईस्ट इंडियन रेल्वेचं. इंजिनाचं जहाज ऑस्ट्रेलियाला जाऊन मग कलकत्त्याला आलं, आणि नमुन्याचे डबे आणणारं ‘गुडविन’ हुगळीच्या मुखाशी बुडालं. डबे शेवटी कलकत्त्यातच बांधून घेतले आणि १५ ऑगस्ट १८५४ ला हावडा-हुगळी गाडी सुटली.

बदलापूरच्या वाचकांना एक राहिलंच. वहीत डॉकचं नाव आहे का बघा, प्रिन्सेस डॉक असेल तर वही १८८० नंतरची, नुसतं बंदर आणि पडाव असेल तर बहुतेक आधीची. जहाजाचं नाव मिळालं तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात रेल्वेचे जुने खंड आहेत, तिथे एक दिवस काढा. आणि वही लॅमिनेट करू नका प्लीज, सुती कापडात गुंडाळून ठेवा.